दोरा परत आणायचा

लोणावळ्याच्या फलाटावर त्या सकाळी माझ्या गळ्यात तीन हार होते, आणि तिसरा फुलांचा नव्हता.

पहिला झेंडूचा, कार्ल्याहून आलेल्या भावकीने घातलेला. दुसरा शेवंतीचा, माझे वडील ज्या दवाखान्यात कंपौंडर होते तिथल्या डॉक्टरसाहेबांनी पाठवलेला. कोयनेच्या भूकंपाने आमच्या मांडणीवरची भांडी खाली आणली होती, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. कार्ल्याची मुलगी, तीही बिनलग्नाची, अमेरिकेला निघाली म्हटल्यावर अर्धं गाव फलाटावर लोटलं होतं. काही निरोप द्यायला, काही मी खरंच जाते की नाही ते बघायला. घाट उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासतात, म्हणून मुंबईकडे जाणारी गाडी लोणावळ्याला अंमळ जास्त थांबते. तेवढ्या वेळात आई तेच वाक्य पाच वेळा म्हणाली, "तितं थंडी लय. डोक्याला बांधत जा." आणि आबा, म्हणजे माझे वडील, गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांनी कोटाच्या खिशातून तिसरी माळ काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या गळ्यात घातली.

ती पुड्यांची माळ होती. पांढऱ्या कागदाच्या एकवीस पुड्या, कोपऱ्यांतून दोऱ्यात ओवलेल्या.

"ओवा, सुंठ आन् गूळ हाय," आबा म्हणाले. "रोज एक फाडायची. संपली की दोरा माघारी धाडायचा."

"आबा, मी फार्मसीची पदवीधर आहे," मी दात आवळून म्हणाले.

"म्हनून तर सांगतोय. पदवीवाले लय इसरतात."

भावकी खो खो हसली. मी मात्र खिडकीतून हात हलवताना पुड्यांवरून पदर ओढून घेतला. अमेरिकेला निघालेल्या बाईने आजाऱ्यासारखी माळ घालून जायचं म्हणजे काय!

आता ही माळ काय भानगड होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नाटक पडद्यामागे होईल.

आबांच्या दवाखान्यात कार्ल्याच्या वरच्या डोंगरवस्तीतले लोक येत. पावसाळ्यात चिखल तुडवत यायचे, औषध घ्यायचे आणि पुन्हा डोंगर चढायचे. अक्षर कोणालाच येत नव्हतं, आणि त्याची लाजही कोणाला नव्हती. त्यांच्यासाठी आबांनी माळ काढली होती. एका दिवसाचं औषध एका पुडीत, जितके दिवस तितक्या पुड्या. सकाळी एक ओढून फाडायची. जितके दिवस झाले तितक्या पुड्या फाटलेल्या असतील तर घेऊन झालं, एक कमी असेल तर आजची राहिली. दोनदा घेण्याची भीती नाही, विसरण्याचीही नाही. पुडी फाडली की तिचा कोपरा तेवढा दोऱ्यात अडकून राही. तो कोपऱ्यांचा दोरा परत आणून दाखवल्याशिवाय आबा पुढची माळ देत नसत. दोरा डोळ्यांजवळ धरून ते खटला चालवत: "हे चार कोपरे येकाच दिशी वरबाडल्यात. का वो भाऊ, चार दीस कुटं गेलतात?" आणि समोरचा धट्टाकट्टा गडी मान खाली घालून म्हणे, "लगनाला गेलतो, आबा."

मी मुंबईहून फार्मसीची पदवी घेऊन आले तेव्हा मला ही माळ पाहून हसू आवरेना. मी छापखान्यातून सुंदर लेबलं छापून आणली. 'सकाळी एक गोळी, जेवणानंतर', बाजूला वेलबुट्टी. आबांनी मला ती महिनाभर वापरू दिली. डोंगरवस्तीवरच्या ठकूमावशीला मी स्वतः लेबल लावून सात दिवसांच्या गोळ्यांची बाटली दिली. दोन दिवसांनी तिचा मुलगा तिला पाठीवर घेऊन खाली आला. सगळ्या गोळ्या तिने दोन वेळांत संपवल्या होत्या आणि पाय टाकला की जमीन फिरत होती. लेबल मात्र तिने जपून सोलून घराच्या दाराला चिकटवलं होतं, वेलबुट्टी छान दिसते म्हणून.

मी रडकुंडीला आले. ठकूमावशीच माझी समजूत काढू लागली, "पोरी, तुजा कागूद झ्याक हाय गं. पर त्यो बोलत न्हाई."

ती बरी होऊन परत गेली, गळ्यात माळ घालून. आबांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "दवा बाटलीत भरून भागत न्हाई, पोरी. ती मान्साच्या घरात शिरली पायजे." मी मान डोलावली आणि ते वाक्य जागच्या जागी विसरले. पदवीवाले लय विसरतात.

तर अशी ती माळ घेऊन मी न्यूयॉर्कला उतरले. कस्टमच्या गोऱ्यापान साहेबाने माझ्या बॅगेतून ती दोन बोटांनी उचलली. बाईमाणूस, एकवीस पुड्या, आत पिवळसर भुकटी! त्याने आणखी दोन साहेब बोलावले. एक पुडी उघडून हुंगली आणि असा काही शिंकला की रांगेतली चार माणसं "गॉड ब्लेस यू" म्हणाली. मी हाताने पोटाचा अभिनय केला, तोंडाने ढेकर दिला. तिघेही हसले. त्यातल्या एकाने जाताना एक चिमूट मागून घेतली, आणि मी ती पुडी पुन्हा घडी घालून माळेत तशीच ठेवली.

पहिले वीस दिवस मी रोज एक पुडी फाडली. अमेरिकेत माझी पदवी कोणी मोजत नव्हतं. पुन्हा वर्गात बसायचं होतं, पुन्हा परीक्षा द्यायच्या होत्या. खोलीत रेडिएटर नावाचं लोखंडी धूड भांडणाऱ्या सासूसारखं खडखडायचं. सकाळी पुडी फाडली की खोलीभर आबांच्या दवाखान्याचा वास पसरायचा आणि मी तो वास नाकात घेऊन कॉलेजला पळायची. एकविसाव्या दिवशी हात पुढे झाला आणि थांबला. ही फाडली की संपलं. मग लोणावळा या खोलीत कुठेच उरणार नाही. मी माळ तशीच खिळ्याला लटकवली, शेवटची पुडी शिल्लक ठेवून.

पाचव्या आठवड्यात वसतिगृहाच्या वॉर्डनबाई तार घेऊन धावत आल्या. घाबऱ्याघुबऱ्या. तारेत इंग्रजीत एवढंच होतं, माळ संपली की नाही. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं आणि पुष्पचक्राचा काही घोटाळा आहे. मी हसले, मग रडले, आणि आबांना उत्तर लिहिलं: संपली.

धडधडीत खोटं. आबांचं पत्र आलं: "मग दोरा धाड." तो कसा धाडणार? त्यावर पुडी होती! मी विषय बदलला, हवापाणी लिहिलं, बर्फाची वर्णनं लिहिली. पण पुढे कितीतरी वर्षं कार्ल्याहून येणारं प्रत्येक पत्र भाताची लोंबी, म्हशीचं वेत, आईचे गुडघे असं सगळं सांगून शेवटच्या ओळीत तेच म्हणायचं: "दोरा आला न्हाई."

परीक्षा झाल्या. नागरिकत्व झालं. लग्नही झालं, पण तो निराळा खेळ, त्याचं तिकीट निराळं. मक्याच्या अफाट शेतांमध्ये वसलेल्या एका गावात, माजी सैनिकांच्या इस्पितळात मला नोकरी लागली. तोवर इस्पितळातला फार्मसिस्ट म्हणजे तळघरातल्या खिडकीमागचा प्राणी. वरून चिठ्ठी यायची, खालून बाटली जायची. त्या सुमारास नवं वारं वाहू लागलं होतं. फार्मसिस्टने वॉर्डात जावं, रुग्णाशेजारी बसावं, कोणतं औषध कशाशी भांडतंय ते पाहावं आणि डॉक्टरला बेधडक सांगावं. याला क्लिनिकल फार्मसी म्हणत. काही वर्षांनी तो विभाग माझ्याकडे सोपवण्यात आला. हाताखाली चार फार्मसिस्ट, दारावर माझ्या नावाची पाटी. आडनाव लांब असल्याने पाटीच्या कडेवरून शेवटचं अक्षर पडता पडता वाचलं होतं.

मी काय केलं असेल? मंडळी, मी कार्डं छापली! प्रत्येक रुग्णाला घरी जाताना एक सुबक टाइप केलेलं कार्ड. गोळीचं नाव, वेळ, का घ्यायची, काय झालं तर फोन करायचा. वेलबुट्टी नव्हती एवढाच फरक. अमेरिकेत ठकूमावशी कुठून असणार? इथे तर सगळे साहेब.

मिस्टर होबर्ट माझ्या वॉर्डात आले ते पहिल्या महायुद्धातले शिपाई म्हणून. ऐंशीला टेकलेले, उंच, वाकलेले, डोळ्यांत मिश्किल निळी चमक. इस्पितळापासून वीस मैलांवर त्यांचं स्वतः बांधलेलं लाकडी घर होतं, बायको वारलेली, सोबतीला एक कुत्रा. कुत्र्याचं नाव जनरल. "सैन्यात असताना जनरल मला बस म्हणायचा, ऊठ म्हणायचा. आता माझी पाळी आहे," असं ते दर नव्या नर्सला सांगत.

हृदय थकलेलं. गोळ्या दोनच, एक हृदयाची, एक अंगातलं पाणी काढायची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही छोट्या. चार महिन्यांत ते चौथ्यांदा दाखल झाले होते. एकदा पाय सुजून केळीच्या खुंटांएवढे झालेले. एकदा मला म्हणाले, "तुम्ही आज पिवळ्या दिसता, मिस. नर्सही पिवळी. भिंतही." हृदयाची गोळी जास्त झाली की जग हळदीत बुडवल्यासारखं दिसतं. मी कार्ड दिलं होतं ना? दिलं होतं, तीनदा. "वाचलंत?" "चष्मा घरी राहिला." तिन्ही वेळा चष्मा घरीच.

गुरुवारी वॉर्डाची बैठक. आमचे मुख्य डॉक्टर कार्लसन. आडनाव ऐकल्यापासून मी त्यांना मनातल्या मनात कार्ल्याचे भाऊबंद समजत असे, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला मला कधी जड गेलं नाही. ते म्हणाले, "हा माणूस औषधं घेतच नाही, किंवा दुप्पट घेतो. आणखी एकदा घरी पाठवला तर कदाचित परत येणार नाही. वृद्ध सैनिकांच्या आश्रमात जागा आहे. तिथे नर्स हातावर गोळी ठेवेल. घर विकायला काढू दे."

"आणि कुत्रा?" मी विचारलं.

"आश्रमात कुत्रे चालत नाहीत."

बैठकीनंतर मी मिस्टर होबर्टच्या खाटेशी गेले. त्यांना बातमी कळली होती. ते नेहमीचा विनोद करायला गेले, पण तो अर्ध्यातच सोडला. मग म्हणाले, "जनरल म्हातारा आहे. नव्या माणसाकडे तो जेवणार नाही." समोर जेवणाचं ताट तसंच होतं. काळीज तळून दिलेलं. त्यांना काळीज अजिबात आवडत नसे, रोज त्याच्या नावाने शिव्या घालत.

"मग मागवता कशाला?" मी चिडून म्हटलं आणि ताटाखालची यादी उचलली. आमच्या इस्पितळात रुग्णाला आदल्या दिवशी यादी देत, आवडेल त्यापुढे खूण करायची. मी बघत राहिले. सूप, भाजी, मांस, गोड: प्रत्येक रकान्यात खूण सगळ्यात वरच्या ओळीपुढे. मी कचऱ्याच्या टोपलीतून आदल्या दिवसाची यादी काढली. वरची ओळ. त्याच्या आदल्या दिवसाची. वरची ओळ.

मला ठकूमावशीचं दार दिसलं आणि त्यावर चिकटवलेलं माझं लेबल.

ठकूमावशी फाडकन म्हणाली होती, तुझा कागद बोलत नाही. हा बिचारा साठ वर्षं चष्मा घरी विसरत होता! तिच्या वस्तीत कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून तिला लाज नव्हती. याच्या गावात सगळ्यांना येतं, म्हणून याला मरण पत्करेल पण सांगवणार नाही. आणि मी, कार्ल्याच्या कंपौंडरची मुलगी, त्याला चौथं कार्ड द्यायला निघाले होते.

मी काही विचारलं नाही. यादी पुन्हा ताटाखाली सरकवली. फक्त एवढंच विचारलं, "घरी सकाळी उठून पहिलं काम कोणतं करता?"

"जनरलला खायला देतो. काहीही झालं तरी."

"त्याच्या खाण्याचा डबा कुठे असतो?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याखाली."

खिळा होता! मला एवढंच हवं होतं.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले, साडीचा पदर खोचला (हो, बैठकीला मी मुद्दाम साडी नेसत असे, साडीपुढे हे लोक जरा सांभाळून बोलतात) आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मला एक महिना द्या. मी लोणावळा पद्धत वापरून पाहणार आहे."

डॉक्टर कार्लसननी वहीत लिहून घेतलं आणि सावधपणे विचारलं, "तिचे निकाल कसे आहेत?"

"आमच्या भागात पिढीभर चालू आहे," मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

"एक महिना," ते म्हणाले. "चुकलं तर आश्रम."

त्या दुपारी माझ्या चार पदवीधर अमेरिकन फार्मसिस्टांना मी पुडी बांधायला शिकवली. काय सांगू मंडळी! हृदयाच्या झडपांवर तासभर बोलणारी माणसं, पण चौकोनी कागदाची तिसरी घडी आली की सगळ्यांचे अंगठे आपसांत अडकले. एकाची पुडी उघडली, एकाची फाटली, एकाची होडी झाली. शेवटी तीस पुड्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीत त्या सकाळच्या दोन गोळ्या. ऑपरेशन थिएटरच्या नर्सकडून टाके घालायचा रेशमी दोरा मागून आणला. मिस्टर होबर्ट घरी निघण्याच्या दिवशी मी ती माळ दोन्ही हातांत धरून वॉर्डात शिरले. लग्नात वधू येते तशी. अख्ख्या वॉर्डाने शिट्ट्या मारल्या. मी ती त्यांच्या गळ्यात घातली आणि आबांचा नियम सांगितला, "खिळ्याला टांगायची. जनरलला खायला घातलं की एक फाडायची. संपली की दोरा परत आणायचा. दोरा नाही तर माळ नाही."

त्यांनी माळ बोटांनी चाचपली. माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं, आणि मी ते कधीच बोलणार नाही हेही कळलं. म्हणाले, "हा हुकूम मला समजला, मिस."

महिना जाता जाईना. मी रोज सकाळी चहा घेताना मनात म्हणायची, आता जनरल जेवला असेल. तिसाव्या दिवशी मी खिडकीशी खुर्ची टाकून बसले. बर्फ भुरभुरत होतं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कोणी आलं नाही. डॉक्टर कार्लसन जाताना थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. आश्रमाचे कागद त्यांच्या टेबलावर तयार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फार्मसीच्या खिडकीपुढे गलका ऐकू आला. पाहते तर दारातला रखवालदार एका पिंगट कुत्र्याला बाहेर काढायच्या प्रयत्नात, कुत्रा मख्खपणे बसलेला, आणि त्याच्या मागे मिस्टर होबर्ट. पाय सुजलेले नाहीत. श्वास नीट. हातात दोरा.

"काल का नाही आलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काल एक पुडी शिल्लक होती," ते म्हणाले. "तुमचा हुकूम, संपल्यावर या."

मी बोटांवर हिशोब केला आणि कपाळावर हात मारला. घरी गेले त्या सकाळची गोळी त्यांना वॉर्डातल्या नर्सनेच दिली होती. पुड्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या होत्या. चूक माझी होती, नेम त्यांचा. मी दोरा डोळ्यांजवळ धरला. तीस कोपरे. एकसारखे, एकेक करून फाडलेले. एकही वरबाडलेला नाही.

डॉक्टर कार्लसन आले. त्यांनी छाती तपासली, पाय दाबून पाहिले. मग विचारलं, "भिंत कोणत्या रंगाची दिसते?"

"पांढरी. आणि रंग द्यायला झाली आहे."

डॉक्टरांनी आश्रमाचे कागद फाडले नाहीत, तसं नाटकातच होतं. खणात ठेवले. पण मला म्हणाले, "पुढची माळ तयार आहे ना?"

"हा दोरा मी ठेवून घेऊ का?" मी मिस्टर होबर्टना विचारलं. "माझ्या वडिलांना पाठवायचा आहे."

"तेही डॉक्टर आहेत?"

"नाही. कंपौंडर."

"त्यांना सांगा, शिपायाने हुकूम पाळला."

त्या दिवशी घरी जाऊन मी कपाटातून माझी माळ काढली. वीस कोपरे आणि एक पुडी, इतक्या वर्षांत कागद पिवळा पडलेला. मी ती फाडली. ओव्याची चव गेली होती, गुळाचा खडा झाला होता. वास मात्र अजून होता, इतकुसा, नाकाशी अगदी टेकवला तर. मी ती स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ली आणि दोन्ही दोरे एका पाकिटात घालून कार्ल्याला पाठवले. सोबत पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार? खोटं पकडलं जाणार हे ठाऊकच होतं.

तुमच्यातले जे इकडे आलात, त्यांना माहीत आहे की पत्राची वाट पाहणं म्हणजे काय. जे तिकडे राहिलात, त्यांना तर आमच्याहून जास्त माहीत आहे. तीन आठवड्यांनी आबांचं पत्र आलं. आजवरचं सगळ्यात छोटं. भात नाही, म्हैस नाही.

"दोन दोरे पोचले. येक कुनाचा त्ये वळखीत न्हाई, पर मानूस लय नेमाचा दिसतो. त्येला पुढची माळ लगेच दे, थांबवू नको. दुसरा तुजा. त्यात वीस कोपरे जुने हायेत आन् येक ताजा फाडलेला. इतकी वरसं खोटं बोललीस. असू दे. तुजी माळ मी बांधून खुंटीला लावली हाय. ती टपालानं मिळनार न्हाई. हितं येऊन घेऊन जा."

मिस्टर होबर्टची पंधरावी माळ मी काल बांधली. माझी कार्ल्याला खुंटीवर आहे. विमानाचं तिकीट काढलंय.